ड्यूक झाला म्हणून किल्ला मिळत नाही हो

ते एक फॉरवर्ड परत फिरायला लागलंय, आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात दोनदा आलं, एकदा काकांकडून आणि एकदा काकांच्याच मेहुण्यांकडून. मजकूर थोडक्यात असा की दक्षिण आफ्रिकेतला एक साधा सर्व्हेअर, जमिनी मोजून पोट भरणारा, त्याला 1996 साली एका सकाळी अचानक कळतं की तू स्कॉटलंडचा ड्यूक ऑफ ॲथॉल (ड्यूक म्हणजे तिकडचा सगळ्यात वरचा सरदारी किताब) झालास, आणि मग त्याला मिळतो एक भलामोठा किल्ला, दीड लाख एकर जमीन, स्वतःची खाजगी फौज आणि ब्रिटिश संसदेत कायमची खुर्ची. खाली "नशीब असावं तर असं" आणि हात जोडलेले चार इमोजी.

माणूस खरा आहे हां. जॉन मरे, अकरावे ड्यूक, जन्म 1929, जोहान्सबर्गचा, आणि सर्व्हेअर होते हेही खरं. पुढे मात्र सगळी गडबड आहे.

आधी किल्ला आणि जमीन. ब्लेअर कॅसल, पर्थशायरमधला, पांढराशुभ्र, फोटो बघितला असेल तुम्ही. जॉनच्या आधी दहावे ड्यूक होते इयन मरे, उंची साडेसहा फुटांच्या आसपास म्हणून लोक त्यांना "वी इयन" म्हणजे छोटा इयन म्हणायचे (आपल्याकडे धिप्पाड माणसाला छोटू म्हणतात तसंच). लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये ते गेले आणि गेले त्याच्या आदल्या दिवशी जाहीर झालं की किल्ला आणि बहुतेक सगळी जमीन एका धर्मादाय ट्रस्टला दिलीये. म्हणजे जॉन मरेंपर्यंत पोचलं ते फक्त नाव. लोकांचा घोळ इथेच होतो, किताब म्हणजे सातबारा नव्हे. किताब कोणाकडे जाणार हे तो दिला तेव्हाच्या अटींवर ठरतं, तो विकता येत नाही, मृत्युपत्रात कोणाच्या नावावर करता येत नाही, आणि जमीन-जुमला मात्र मालक हयात असताना कोणालाही देऊ शकतो. दोन्ही एकाच घरात पिढ्यान् पिढ्या राहिले म्हणून एकच वाटतात. अकरावे ड्यूक शेवटपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या हेनर्ट्सबर्ग नावाच्या छोट्या गावातच राहिले, 2012 मध्ये वारले. आणि तो किल्ला तर 1936 पासून पब्लिकसाठी उघडा आहे, तुम्ही-आम्हीपण तिकीट काढून जाऊ शकतो.

मग ते "एका सकाळी अचानक". अहो या लोकांच्या वंशावळी जाडजूड पुस्तकांत छापलेल्या असतात, कोणानंतर कोण हे पिढ्यांआधीपासून माहीत असतं. आणि लांबच्या भाऊबंदाकडे किताब जाणं या घराण्याला नवीन नाही, खुद्द इयन पण नवव्या ड्यूकचा मुलगा नव्हता, फार लांबचा चुलत नातेवाईक होता, 1957 मध्ये त्याला किताब मिळाला तेव्हा वय 25. त्याचे वडील 1945 मध्ये युद्धात गेले, आणि आई व्हायकाउंट काउड्रे यांची मुलगी, म्हणजे श्रीमंत पीअरसन घराण्याची, त्या पैशाचा इस्टेटीला मोठा आधार झाला असं मानतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या डलहौसीने "औरस वारस नाही, दत्तक चालणार नाही" म्हणून 1848 ला सातारा खालसा केला आणि मग झाशी, नागपूर, तो स्वतः स्कॉटिश अर्ल (ड्यूकपेक्षा खालचा सरदारी किताब). त्याला मुलगा नव्हता, मुलीच. 1860 मध्ये तो गेला, त्याचा मार्क्विसचा (अर्लच्या वरचा) किताब संपला पण वडिलोपार्जित अर्लपद चुलतभावाकडे गेलं, आरामात, कोणी खालसा वगैरे केलं नाही.

संसदेची खुर्ची? 1999 च्या कायद्याने 92 जण सोडून बाकी सगळ्या वंशपरंपरागत लॉर्डांना हाउस ऑफ लॉर्ड्समधून घरी पाठवलं, आणि त्या 92 मध्ये ॲथॉलचे ड्यूक नव्हते. कायमची खुर्ची टिकली जेमतेम तीन वर्षं. संपला विषय.

फॉरवर्डच्या दुसऱ्या एका व्हर्जनमध्ये "त्यांचा नातू आता राजकुमार" असंही घुसडलंय. तसं काही नाही. आताचे बारावे ड्यूक म्हणजे जॉनचे थोरले चिरंजीव ब्रूस, जन्म 1960, आणि ब्रूसच्या मोठ्या मुलाला टलिबार्डिनचा मार्क्विस म्हणतात, पण ते नुसतं मानाचं संबोधन, कायद्याने वडील असेपर्यंत तो तुमच्या-आमच्यासारखाच. आणि हा किताब फक्त पुरुषांकडे जातो, म्हणून ब्रूसची थोरली बहीण असूनही तिचा प्रश्नच आला नाही. सगळ्या स्कॉटिश किताबांचं असं नसतं बरं का, 1963 मध्ये सदरलंडचं ड्यूकपद लांबच्या पुरुष नातेवाइकाकडे गेलं आणि अर्लपद मात्र पुतणीला मिळालं.

राहिली फौज. हे थोडंसं खरं आहे म्हणूनच जास्त पसरतं. ॲथॉल हायलँडर्स नावाची तुकडी आहे, 1844 साली व्हिक्टोरिया राणी ब्लेअर कॅसलला राहून गेली आणि दुसऱ्या वर्षी तिने त्यांना झेंडे दिले, त्यावरून शस्त्र बाळगायचा मान. युरोपातली एकमेव कायदेशीर खाजगी फौज म्हणतात. पण ती लढाईची नाही, मिरवायची. मधे बंद पडली होती, 1966 मध्ये इयननेच परत सुरू केली. आसपासचे लोक, इस्टेटीवर काम करणारे, किल्ट घालून, टोपीत ज्युनिपरची हिरवी डहाळी खोचून, जुन्यापुराण्या लीमेटफर्ड बंदुका खांद्यावर घेऊन मे अखेरीस किल्ल्यासमोर उभे राहतात, बॅगपाइप वाजतात, ड्यूक रांगेतून पाहणी करत जातात. दुसऱ्या दिवशी तिथेच हायलँड गेम्स. अकरावे ड्यूक यासाठी दरवर्षी यायचे, पाहणी करायचे, आणि मग विमान पकडून परत आपल्या गावी, लिम्पोपोला.