उणे एक तृतीयांश लिटर दूध

सासूबाई आठ दिवस राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या डॉक्टरांची तंबीही आली: दूध फक्त टोन्ड. रविवारी सकाळी कन्नमवारनगरातल्या नेहमीच्या केंद्रावर गेलो, तर टोन्ड संपलेलं. "फुल क्रीम आहे, डबल टोन्ड आहे. बोला." मागे रांग, वर पाऊस. म्हटलं, दोन्ही दोन-दोन लिटर द्या, घरी मिसळू.

हेच वाक्य मी घरी मोठ्या रुबाबात पुन्हा म्हटलं. कन्या नेमकी नववीच्या बीजगणितात डोकं घालून बसली होती.

"किती किती मिसळणार, बाबा?"

"निम्मं निम्मं. त्यात काय!"

तिने ओल्या पिशव्या फिरवून छापलेले आकडे वाचले. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये दीड. टोन्डला हवेत ३. "निम्मं निम्मं केलं तर पावणेचार होतील. आजीला चालेल?"

"अहो, तिचं गणित आज तुम्हीच घ्या हं," स्वयंपाकघरातून आदेश आला.

मिश्रणाची उदाहरणं हे माझं शाळेपासूनचं दुखणं. आमच्या पुस्तकातल्या गवळ्याला पाणी घालण्याखेरीज उद्योगच नव्हता. घालणार तो आणि शोधून काढायचं आम्ही. तरी पेन्सिल घेतली. "फुल क्रीम क्ष लिटर मानू, डबल टोन्ड य लिटर."

"एक्स म्हणतात, बाबा."

"क्षच. मला एक्सने सुचत नाही."

नातेवाईक येणार होते, म्हणून ३ लिटर धरलं. क्ष + य = ३. आणि फॅटचं समीकरण, ६क्ष + १.५य = ३. घाम पुसत सोडवलं. क्ष आला उणे एक तृतीयांश.

कन्येने ते उत्तर बराच वेळ न्याहाळलं. "म्हणजे फुल क्रीम घालायचं नाही, उलट आपणच केंद्रावर ३३३ मिली नेऊन द्यायचं?"

"पैसे परत देतात का ते?" बायको लाटण्यासकट बाहेर आली.

चूक कन्येनेच पकडली. डावीकडे मी लिटर गुणिले टक्के असा हिशेब केला होता, उजवीकडे मात्र नुसते टक्के टाकून मोकळा झालो होतो. "दूध मोजू नका बाबा, फॅट मोजा. ३ लिटरचे ३ टक्के, म्हणजे उजवीकडे ३ नाही, ९." मग साडेचार क्ष बरोबर साडेचार! क्ष एक, य दोन. एक लिटर फुल क्रीम, दोन लिटर डबल टोन्ड. शाळेत एवढं गुळगुळीत उत्तर मला एकदाही आलं नव्हतं. शंका घेऊन मी ते दोनदा तपासलं.

मग उगाच छाती फुगली. टोन्ड दूध हे मूळचं मुंबईचंच गणित. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम पावडर मिसळून ते जास्त लोकांना, स्वस्तात पुरवायचं, ही आरे कॉलनीच्या दारा खुरोडींची कल्पना. १९६३ साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लहानपणी आमचा गवळीही हाच प्रयोग करायचा. पावडर तेवढी विसरायचा, म्हणून त्याला पुरस्काराऐवजी आईच्या शिव्या मिळायच्या.

मोठ्या पातेल्यात मी एक आणि दोन लिटर अगदी थेंब न सांडता ओतलं, डावाने ढवळलं आणि स्वतः चहा टाकला. आलं, गवती चहा, सगळं घातलं. सासूबाईंनी एक घोट घेतला. कन्या वही हातात धरून उभी.

"जावईबापू, राग मानू नका, पण चहा पांचट झालाय."

त्या उठल्या, फ्रिज उघडला, लोण्यासाठी साठवलेल्या सायीच्या वाटीतून चांगला चमचाभर गोळा काढला आणि कपात सोडला. वर बोटाला लागलेलीही चाटली.

कन्येने नवं पान उघडलं. "बाबा, सायीत किती टक्के धरायचे?"