निवारा ‘नाकारला’ म्हणजे नेमके काय?

‘निवारा देऊ केला असता जो नाकारतो, त्याला सार्वजनिक जागेवर झोपण्याचा हक्क नाही, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसे ठरवलेच आहे,’ हे विधान सध्या सर्रास फिरते आहे. ते निकालाशी जुळत नाही.

निवारा नाकारणारा आणि निवारा न मिळालेला हा भेद २०१८ च्या बॉयसी शहराच्या खटल्यात होता. ज्याला खाटच उपलब्ध नाही त्याला बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही, असे तेव्हा अपील न्यायालय म्हणाले होते. पुरेसा निवारा असूनही न जाणाऱ्यांना हे संरक्षण नाही, हेही त्यातच नोंदवले होते. २८ जून २०२४ रोजी ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे संरक्षणच काढून घेतले. अशी शिक्षा राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीतील ‘क्रूर आणि असामान्य’ शिक्षेत बसत नाही, असे बहुमताचे म्हणणे. म्हणजे ज्याने काहीच नाकारले नाही, ज्याला कुठे खाटच मिळाली नाही, त्यालाही आता दंड होऊ शकतो. विधान पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना हे मान्य होईल, याची मला शंका आहे.

‘नाकारतो’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. सुमारे ३८ हजार वस्तीच्या ग्रँट्स पासमध्ये सहाशेपर्यंत बेघर होते आणि नगरपालिकेचे निवारागृह एकही नव्हते. होते ते खासगी धार्मिक संस्थेचे. तिथे प्रार्थनेला हजर राहणे सक्तीचे आणि धूम्रपानाला बंदी. दुसऱ्याच्या धर्माची प्रार्थना टाळण्यासाठी जो थंडीत बाहेर राहतो, त्याला हट्टी म्हणणे मला पटत नाही. इतर अनेक ठिकाणी नवरा-बायकोला वेगळे व्हावे लागते किंवा सोबतचा कुत्रा बाहेर सोडावा लागतो.

सार्वजनिक जागा सर्वांची आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पदपथ अडवू नये, झाडीत आग पेटवू नये, असे नियम असलेच पाहिजेत. पण ग्रँट्स पासचा नियम अंथरूण-पांघरुणालाच हात घालत होता: उद्यानात अंगावर घोंगडी घेऊन पडले की २९५ डॉलर दंड, दोनदा सापडल्यास ३० दिवस उद्यानबंदी, ती मोडल्यास तुरुंग. ज्याच्याकडे खोलीचे भाडे नाही, तो हा दंड कुठून भरणार?

शिवाय या निकालाने शहरांना बंदीची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. खुद्द ऑरेगन राज्याचा २०२१ चा कायदा सांगतो की, उघड्यावर बसण्या-झोपण्यावरचे स्थानिक निर्बंध वेळ, जागा आणि पद्धत या बाबतींत वाजवी असले पाहिजेत, आणि ते ठरवताना बेघर माणसाची परिस्थितीही पाहिली पाहिजे.