कप्लर दाबायला दोन बोटं लागतात, कटर नाही

अरे, कामून कापता वायरी? जुनी इंजिनं विकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आहे. काल ट्रान्सपोर्टवरून उतरवलेलं ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि त्याचा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, कटरनं उडवलेला! गाडीतला जुना हार्नेस उंदरांनी कुरतडलेला, म्हणूनच इंजिन वायरिंगसकट मागवलं होतं, त्याचे पैसे वेगळे मोजले होते. हाती काय आलं? तिन्ही इंजेक्टर, कॅम सेन्सर, क्रँक सेन्सर, टेम्परेचर सेन्सर, ऑइल स्विच, सगळ्यांच्या कप्लरला बोटभर वायरी लोंबायल्यात. प्रत्येक कप्लरला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या प्लास्टिकच्या जोडाला, खटका असतो. तो दाबला की कप्लर सुटतो. अख्खा हार्नेस सोडवायला अर्धा तास पुरे. तुमचा अर्धा तास वाचला आणि इथं दोन दिवस गेले.

वर सल्ला काय, तर "पिळा अन् टेप मारा, चालतंय." नाही चालत! बॉनेटखालची धग, त्यात आपल्याकडचा ४३ अंशांचा मे महिना. टेपचा डिंक पातळ होतो, टेप घसरते, तीन सिलिंडरचं इंजिन थरथरून पीळ सैल करतं, तांबं हिरवं पडतं. जोड सोल्डरिंगचाच पाहिजे. वायर जोडायच्या आधी हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) ओवून ठेवायची आणि सगळे जोड एका जागी न घेता दोन-दोन इंच पुढं-मागं घ्यायचे. एका जागी घेतले की गाठ होते, गाठ क्लिपात बसत नाही आणि मॅनिफोल्डला टेकून जळते. क्रँक सेन्सरच्या वायरीवर शिल्डची जाळी असली तर तीही जोडायची, अर्थिंग मात्र एकाच टोकाला. हे चुकलं की गाडी थंडपणी झकास चालते आणि गरम झाली की भर चौकात बंद पडते. मग कुणी पेट्रोल पंप बदलतो, कुणी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलायला लावतो. दोष त्या पिळलेल्या वायरीत.

बरं, नुसत्या वायरिंगवर भागलं असतं. गिअरबॉक्सच्या बाजूच्या दोन्ही डॉवेल पिना गायब! गिअरबॉक्स मध्यावर बसतो तो या पोकळ पिनांमुळं, बोल्टांमुळं नाही. त्या नसल्या की इनपुट शाफ्ट तिरपा फिरतो, क्लच प्लेटची स्प्लाइन (मधले दाते) खाल्ली जाते, बेअरिंग ओरडायला लागतं. आता जुन्या ब्लॉकमधून काढा म्हणे. गंजलेली पिन पकडीत धरली की चेपते, म्हणून आत मापाचा बोल्ट घालून मगच धरावी लागते. आणि गिअरबॉक्स बसत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढून घेणारे महाभाग वेगळेच! इंजिन-गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं हातानं चिकटली पाहिजेत. फट राहिली तर क्लच प्लेट सेंटरला नाही, खाली उतरवा, परत बसवा. तसंच आवळलं की ॲल्युमिनियमचा कान तुटतो आणि गिअरबॉक्सही भंगारात जातो.

"चालू कंडिशन" म्हणजे काय ते तरी सांगा! प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कंप्रेशन गेज लावायचा आणि स्टार्टर मारायचा. तिन्ही सिलिंडरांच्या दाबात एक किलोच्या वर फरक नको. हे आकडे मागितले की फोन कट.

मुळात इंजिनं जातात कशानं? बोअरच्या पाण्यानं. ते किती जड आहे हे घरातल्या गिझरची कॉइल सांगते, तरी तेच पाणी रेडिएटरमध्ये! आत पांढरे थर बसतात, थर्मोस्टॅट अडकतो, हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी मिसळून मोबिलचा, म्हणजे इंजिन ऑइलचा, चहा होतो. आणि इंजिन बदलून झालं की परत त्याच बोअरची बादली घेऊन येतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हीटर चालू, आणि फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत हवा काढत बसायचं. यात अवघड काय आहे?

आणि गाडी विटांवर टेकवून खाली झोपणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, उठा तिथून. वीट तडकायच्या आधी आवाज देत नाही. अंगणात काळी माती असेल तर स्टँडसुद्धा धसतो. खाली दोन इंची लाकडी फळी पाहिजे. शहाबादी फरशी नको, ती फुटते.

राहिलं बिल. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. बिलच नसलं तर हे इंजिन चोरीचं नाही हे कशावरून दाखवायचं? तीन वेळा मागितलं, तिन्ही वेळा "उद्या देतो". इंजिन नंबर घातलेलं बिल आजच पाठवा. सोबत त्या दोन पिनाही.