कमिशनचं भांडण वेगळं, साइडलोडिंगचं वेगळं

अ‍ॅप स्टोअरच्या कमिशनचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी सुरक्षिततेवर येते. एक जण म्हणतो, "तीस टक्के घेतात, पण म्हणूनच फोन सुरक्षित राहतो." दुसरा म्हणतो, "फोन माझा आहे, मला हवं ते मी टाकीन." दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. कमिशन किती, हा व्यापाराचा प्रश्न. स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकता यावं का (यालाच साइडलोडिंग म्हणतात), हा मालकीचा प्रश्न. आणि फोन सुरक्षित कशामुळे राहतो, हा तिसराच, तांत्रिक प्रश्न. हे तिन्ही एका गाठोड्यात बांधले की फायदा फक्त स्टोअर चालवणाऱ्यांचा होतो. म्हणून आज ते गाठोडं सोडतोय. पोस्ट लांब आहे, पण वरवर बोलून या विषयाचं बरंच नुकसान झालंय.

आधी पैसे. २००८ मध्ये अ‍ॅपलने स्टोअर उघडलं तेव्हा ३० टक्के दर ठरवला, आणि पुढे गूगलनेही तोच आकडा घेतला. आता मात्र सगळ्यांना सरसकट ३० लागत नाहीत. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या डेव्हलपरसाठी अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून १५ टक्क्यांची योजना आणली, पण तिच्यात स्वतःहून नाव नोंदवावं लागतं. न नोंदवणारा छोटा डेव्हलपर ३० टक्केच देत राहतो. गूगलने जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के केले आणि जानेवारी २०२२ पासून सबस्क्रिप्शनला पहिल्या दिवसापासून १५. अ‍ॅपलकडे सबस्क्रिप्शनचा दर त्या ग्राहकाचं एक वर्ष पूर्ण झाल्यावर १५ वर येतो, आणि मधे ६० दिवसांहून जास्त खंड पडला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. घरपोच सामान, टॅक्सी, हॉटेल यांच्या विक्रीवर दोन्हीकडे कमिशन नाही. म्हणजे हा कर अ‍ॅपवर नाही, अ‍ॅपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल गोष्टींवर आहे. चर्चेत हा फरक बहुतेक वेळा हरवतो.

आता गणित. १० डॉलरच्या सबस्क्रिप्शनवर ३० टक्के गेले की हातात ७ राहतात. पूर्ण १० हातात पडायचे असतील तर किंमत १४.२९ डॉलर ठेवावी लागते. म्हणजे ३० टक्के कमिशनचा पूर्ण भार ग्राहकावर टाकला तर वस्तू ४३ टक्के महाग होते. स्पॉटिफायने आयफोनमधल्या खरेदीसाठी ९.९९ ऐवजी १२.९९ दर लावला होता. त्यातून कमिशन वजा केलं तरी ९.०९ च उरतात.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, आणि कमिशनविरोधी मंडळी ती टाळतात. कार्डाने पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचा, म्हणजे गेटवेचा, अमेरिकेतला नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. ९९ सेंटच्या विक्रीवर ते ३३ सेंट होतात, म्हणजे एक तृतीयांश! तिथे ३० टक्के कमिशनसुद्धा स्वस्त पडतं. १५ टक्क्यांच्या गटातल्या डेव्हलपरला साधारण अडीच डॉलरखालच्या प्रत्येक विक्रीत स्टोअरच परवडतं. वर देशोदेशीचा कर गोळा करून भरणं, परतावे, कार्डाचे वाद हे सगळं स्टोअर करतं. ही कामं बाहेरच्या सेवेकडून करून घ्यायची तर ५ टक्के अधिक ५० सेंट असा दर दिसतो, म्हणजे ९.९९ च्या विक्रीवर जवळपास १० टक्के. तेव्हा "कमिशन शून्य करा" ही मागणी मला पटत नाही. माझी मागणी आहे की बिलाची फोड करा. पैसे स्वीकारण्याचे किती, फाइल साठवून पोचवण्याचे किती, तपासणीचे किती आणि दुकानात पुढे मांडण्याचे किती. ज्याला जी सेवा नको, त्याने तिचे पैसे का द्यावेत?

कमिशनपेक्षा मला जास्त खटकते ती तोंडबंदी. "हेच आमच्या वेबसाइटवर स्वस्तात मिळतं" एवढं एक वाक्य अ‍ॅपमध्ये लिहायला बंदी होती. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक या गेम कंपनीने आपल्या फोर्टनाइट या खेळात स्वतःची पेमेंटची सोय घातली आणि त्याच दिवशी दोन्ही स्टोअरांनी खेळ काढून टाकला. तिथून सुरू झालेल्या खटल्यात सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी अ‍ॅपलचे बहुतेक मुद्दे मान्य केले, पण ही तोंडबंदी उठवायला सांगितली. अपिलं संपल्यावर जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅपलने बाहेरच्या लिंकला परवानगी दिली. कशी? लिंकवरून झालेल्या खरेदीवर २७ टक्के कमिशन आणि वर ग्राहकाला घाबरवणारा इशारा. २७ मध्ये गेटवेचे ३ मिळवा, बेरीज ३०. म्हणजे डेव्हलपरला लिंक देऊन काही सुटत नव्हतं, उलट काम वाढत होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी अ‍ॅपलला आदेशाचा अवमान केल्याबद्दल दोषी धरलं. युरोपियन आयोगाने संगीत सेवांबाबतच्या याच तोंडबंदीसाठी मार्च २०२४ मध्ये १.८ अब्ज युरोंहून अधिक दंड ठोठावला, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली आणखी ५० कोटी युरो.

युरोपात २०२४ मध्ये दुसरं एक कलम आलं, त्याचं गणित मुद्दाम करून बघा. पर्यायी स्टोअरची मुभा मिळाली, पण त्या अटी स्वीकारणाऱ्या डेव्हलपरला वर्षातल्या पहिल्या १० लाख इन्स्टॉलनंतर प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला ५० युरो सेंट शुल्क होतं. तुमचं अ‍ॅप मोफत आहे, थोडीफार देणगी किंवा जाहिरात मिळते, आणि ते वर्षात २० लाख लोकांनी घेतलं. सुरुवातीच्या अटींप्रमाणे बिल झालं ५ लाख युरो. अ‍ॅप लोकांना आवडलं म्हणून डेव्हलपर बुडू शकत होता, अशा अटीखाली कोण बाहेर पडणार होतं?

आता सुरक्षितता. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपला वेगळी ओळख मिळते आणि एकाच्या खासगी फाइली दुसऱ्याला वाचता येत नाहीत. कॅमेरा, माइक, लोकेशन यांना तुमची परवानगी लागते. अपडेट आलं तर ते आधीच्याच (डेव्हलपरच्या गुप्त डिजिटल) चावीने सही केलेलं आहे का, हे फोन स्वतः तपासतो. यातलं काहीही स्टोअर करत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम करते, आणि बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपलाही ते लागू असतं. आयफोनवरही अ‍ॅपभोवतीची भिंत सिस्टिमच बांधते. स्टोअरची तपासणी हा त्यावरचा एक थर आहे. उपयोगी आहे, पण गळका. २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट या घातक कोडची लागण झालेली अ‍ॅप्स तपासणीतून पार होऊन अ‍ॅपलच्या स्टोअरवर पोचली होती. जोकर या घातक सॉफ्टवेअरच्या जातीची १,७०० अ‍ॅप्स २०१७ पासून काढून टाकल्याचं गूगलनेच जानेवारी २०२० मध्ये सांगितलं.

म्हणून साइडलोडिंगचा धोका खोटा ठरत नाही. फसवणूक करणारे आज फोन करतात, घाबरवतात, मेसेजमधून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) पाठवतात आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी केलेल्या सोयीची, परवानगी द्यायला लावतात. ती एक परवानगी मिळाली की ते अ‍ॅप स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. पण यावरचे सगळ्यात चांगले उपाय सिस्टिममध्येच आलेत. अँड्रॉइड १३ पासून सुट्या फाइलीतून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहज देता येत नाही. अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन, वरच्या तीन टिंबांतून "अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" मुद्दाम निवडावं लागतं. कोणी फोनवर बोलता बोलता तुम्हाला हे बटण दाबायला सांगत असेल, तर तो फसवतोय, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अँड्रॉइड १६ ने पुढे जाऊन, अनोळखी माणसाचा कॉल चालू असताना ही परवानगी देणंच अडवलं. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो. नेमक्या धोक्याच्या क्षणी अडवतो आणि बाकी वेळी तुमच्या आड येत नाही.

ज्यांना बाहेरून अ‍ॅप टाकायचंच आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. "इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स" ही परवानगी अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. ती ब्राउझरला देऊ नका. फाइल मॅनेजरला द्या आणि काम झालं की काढून घ्या. ब्राउझरकडे राहिली तर कुठल्याही पानाने उतरवलेली फाइल इन्स्टॉलपासून एका टॅपवर येऊन बसते. फाइलचा एसएचए-२५६ (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवून फक्त एवढंच कळतं की साइटवर आहे तीच फाइल उतरली. साइटच बनावट असेल तर त्याचा उपयोग शून्य. खरी ओळख सहीच्या प्रमाणपत्रात असते. कॉम्प्युटरवर एपीकेसाइनर हे साधन चालवून प्रमाणपत्राचा ठसा काढा आणि डेव्हलपरने दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ सोर्स कोडच्या पानावर, दिलेल्या ठशाशी ताडून बघा. हे पहिल्याच वेळी नीट करा. पुढची अपडेटं त्याच चावीची आहेत का हे फोन बघून घेतो.

"अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड" एवढंच म्हणून फोन गप्प बसतो, त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असतं. पहिलं, सही वेगळी. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवं अ‍ॅप बंडलच्या रूपात द्यावं लागतं आणि फोनवर येणाऱ्या एपीकेवर गूगल आपल्याकडे ठेवलेल्या चावीने सही करतं. त्यामुळे तेच अ‍ॅप डेव्हलपरच्या साइटवर दुसऱ्या चावीचं असू शकतं. एफ-ड्रॉइड हे मुक्त सोर्स कोडच्या अ‍ॅप्सचं पर्यायी स्टोअरसुद्धा बहुतेक अ‍ॅप्स स्वतःच्या चावीने सही करतं. अशा वेळी जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही, आणि जुनं काढलं की डेटा जातो, म्हणून आधी अ‍ॅपमधून बॅकअप काढा. दुसरं, फाइल अपुरी. बंडलमधल्या अ‍ॅपचे तुकडे असतात, आणि नुसती बेस फाइल उचलून आणली तर भाषा, स्क्रीन किंवा प्रोसेसरचा तुकडा राहून जातो. एडीबी या, कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या इन्स्टॉल-मल्टिपल आज्ञेने सगळे तुकडे एकदम द्यावे लागतात. तिसरं, प्रोसेसर जुळत नाही. चौथं, आवृत्ती. फोनवर नवी असताना जुनी टाकत असाल तर नकार मिळतो, आणि फारच जुन्या अँड्रॉइडसाठी बांधलेली अ‍ॅप्स अँड्रॉइड १४ थेट नाकारतो.

आणि साइडलोडिंगमध्ये खरं दुखणं पहिल्या दिवशी दिसतच नाही. सुटी एपीके टाकली की ती तशीच पडून राहते, सुरक्षेची दुरुस्ती येऊन गेली तरी तुम्हाला पत्ता नसतो. म्हणून सुट्या फाइलीपेक्षा पर्यायी स्टोअर बरं. अँड्रॉइड १२ पासून स्टोअरने स्वतः टाकलेली अ‍ॅप्स ते तुम्हाला दर वेळी न विचारता अपडेट करू शकतं.

आयफोनवर, युरोपसारखा कायदा नसेल तिथे, हाती उरतं ते डेव्हलपरचं साधन. मोफत खात्यावर सही केलेलं अ‍ॅप ७ दिवस चालतं, एका वेळी तीनच अ‍ॅप्स, आणि दर आठवड्याला सही ताजी करायची. वर्षाला ९९ डॉलर भरले तर मुदत वर्षाची होते. कंपन्यांसाठीची प्रमाणपत्रं विकणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रमाणपत्र रद्द झालं की त्यावरची सगळी अ‍ॅप्स एकदम बंद पडतात.

शेवटी, अँड्रॉइडवर जे येऊ घातलंय त्याबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर चालणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या डेव्हलपरला, तो प्ले स्टोअरवर नसला तरी, गूगलकडे ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. एफ-ड्रॉइडने उघड विरोध केला आणि मी त्यांच्या बाजूने आहे. नोंदणीची फी २५ डॉलर आहे, प्रश्न तिचा नाही. प्रश्न हा आहे की आजवर कोणालाही न विचारता करता येणारी गोष्ट उद्या एका कंपनीच्या यादीवर अवलंबून राहील, आणि यादीतून नाव काढताही येतं. स्वतःचं नाव उघड करणं ज्यांना धोक्याचं आहे, असे डेव्हलपर खरोखर आहेत.

विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळा मार्ग ठेवण्याचं आश्वासन दिलं. एडीबीचा रस्ताही उघडा राहील, पण त्याला बहुतेक वेळा कॉम्प्युटर लागतो, आणि अनेकांकडे फोन हाच एकमेव कॉम्प्युटर असतो. म्हणून तो मार्ग फोनवरच हवा, कंपनीच्या सर्व्हरला न विचारता चालायला हवा, आणि त्यातून जाणाऱ्याला एकदा स्पष्ट इशारा देऊन पुढे जाऊ द्यायला हवं. कॉल चालू असताना तो खुशाल बंद ठेवा. चोवीस तास थांबवलं तरी माझी तक्रार नाही, घाबरलेल्या माणसाला शुद्धीवर यायला तेवढा वेळ पुरतो. पण चोवीस तासांनंतर "हो" म्हणण्याचा अधिकार फोन ज्याचा आहे त्याच्याकडेच असला पाहिजे.