‘ट्रॅक्टरचा स्प्लिटर गळ्यात मारला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय नीट वाचला, सोबतचे फोटो आणि व्हिडिओही पाहिला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅक्टरला जोडायचा लॉग स्प्लिटर (ओंडके फोडायचं मशीन) आम्ही तुमच्या गळ्यात मारला. शेजाऱ्यांचा स्वतःच्या इंजिनावर चालणारा स्प्लिटर तेवढ्याच वेळात दुपटीहून जास्त ओंडके फोडतो. सोळा टन जोर लिहिलेलं मशीन गाठीवर अडतं. आणि फोडणी चालू असेपर्यंत ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला मिळत नाही. फोन न करता इथेच उत्तर देतोय, कारण दोन्हीपैकी कोणतं घ्यावं या विचारात असलेले बरेच जण तुमचं लिहिलेलं वाचतील.

पण त्याआधी तुमच्या तिसऱ्या फोटोबद्दल. त्यात मशीनचे दोन दांडे दिसतात, आणि डावा दांडा बांधणीच्या तारेने खाली आवळून ठेवलाय. साहेब, ती तार आजच्या आज काढा. दोन्ही दांडे एकदम दाबल्याशिवाय पाचर खाली येत नाही, ही रचना मुद्दाम केलेली आहे. युरोपात पाचरीच्या स्प्लिटरसाठी जे ईएन ६०९-१ हे सुरक्षा मानक आहे, त्यातही दोन हातांचं नियंत्रण आहे. एक दांडा बांधला की रिकामा झालेला हात आपसूक ओंडका सावरायला जातो, आणि ओंडका फिरतो तो नेमका पाचर टेकण्याच्या क्षणी. दुसरं म्हणजे, ओंडका ठेवणारा आणि दांडे चालवणारा माणूस एकच असू द्या. एकाने ठेवायचं आणि दुसऱ्याने दाबायचं, यात वेळ वाचतो असं वाटतं, पण बोटं जातात ती अशाच घाईत. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आता वेगाबद्दल. ट्रॅक्टरच्या स्प्लिटरचा वेग ठरतो ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला किती हायड्रॉलिक तेल देतो त्यावर. तुमच्या मशीनचा सिलिंडर आतून १०० मिमी व्यासाचा आहे आणि दट्टा ६० सेंमी चालतो. पाचर पूर्ण खाली यायला साधारण ४.७ लिटर तेल आत जावं लागतं. वर जाताना आतला ५० मिमीचा रॉड जागा अडवतो, म्हणून साडेतीन लिटर पुरतं. ट्रॅक्टरने मिनिटाला २० लिटर तेल दिलं तर एक पूर्ण फेरी २५ सेकंदांत होते. ४० लिटर दिलं तर १२ सेकंदांत. मशीन तेच, सिलिंडर तोच.

तुमच्या व्हिडिओत एक फेरी पाऊण मिनिटाची आहे. उलटा हिशोब केला तर तेल मिनिटाला ११ लिटरच्या आसपासच येतंय. आणि मागे ट्रॅक्टरचा जो आवाज ऐकू येतो, तो स्लोवर चालणाऱ्या इंजिनाचा आहे. हायड्रॉलिकचा गिअर पंप इंजिनाबरोबर फिरतो. रेस निम्मी केली की तेलही निम्मं होतं. डिझेल वाचावं म्हणून रेस कमी ठेवली असेल तर ते समजण्यासारखं आहे, पण त्यात एकेका ओंडक्याला दुप्पट वेळ इंजिन चालू राहतं. हँड ॲक्सिलेटरने रेस वाढवून बघा. तरी फरक पडला नाही तर क्विक कपलर (तेलाच्या नळ्या ट्रॅक्टरला जोडणारे खटके) पूर्ण आत बसलेत का ते तपासा. अर्धवट बसलेला कपलर तेल अडवतो आणि स्वतः तापतो. होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, तपासताना मात्र त्यांवरून हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीच्या आत शिरतं आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. पुठ्ठा फिरवून बघा.

आणखी एक. तुम्ही ३५ सेंमीचे तुकडे फोडताय आणि दर वेळी पाचर थेट वरपर्यंत नेताय. ओंडक्याच्या डोक्यावर चार बोटं जागा राहील एवढीच वर न्या. फेरीतला बराच वेळ तिथेच वाचेल.

शेजाऱ्यांचं मशीन वेगवान आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते कधी वेगवान आहे हे समजून घ्या. त्या इंजिनावर दोन टप्प्यांचा पंप असतो. पाचर मोकळी चालत असते तेव्हा दोन्ही टप्पे मिळून मिनिटाला चाळीसेक लिटर तेल देतात. लाकडाने विरोध केला आणि दाब चाळीस-पंचेचाळीस बारच्या वर गेला की मोठा टप्पा सुटतो, आणि एकटा लहान टप्पा दहा-अकरा लिटरवर काम करतो. त्यांच्या मशीनजवळ उभं राहून ऐका: सरळ रेषेच्या लाकडात पाचर सरकन जाते, गाठ आली की इंजिन घोगरं होतं आणि पाचर मुंगीच्या गतीने पुढे सरकते. ही रचना हुशारीचीच आहे, कारण त्यामुळे सहा-सात एचपीचं छोटं इंजिनही मोठा दाब देऊ शकतं. ट्रॅक्टरकडे ताकद भरपूर असते, त्यामुळे त्याचा पंप गाठीवरही तेवढंच तेल देत राहतो. म्हणून पिळाच्या, गाठाळ लाकडात २० लिटर देणारा ट्रॅक्टर त्या मशीनच्या पुढे जातो. सरळ, कोरड्या, लहान तुकड्यांत तो मागेच राहणार, आणि तुमचा निम्मा माल तसा आहे असं फोटोंवरून दिसतं.

सोळा टनांबद्दल. हा आकडा कुणीही स्वतः काढू शकतो, आणि कोणतंही मशीन घेण्याआधी काढावाच. १०० मिमी व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. २०० बार दाबाला प्रत्येक चौरस सेंमीवर साधारण २०० किलो जोर येतो. गुणाकार केला की सोळा टनांच्या जवळ पोहोचता. तुमच्या पावतीवर ‘२०० बारला १६ टन’ असं लिहिलेलं आहे. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) १६० बारलाच उघडत असेल तर तेच मशीन साडेबारा-तेरा टनच देणार. ज्या मशीनवर टन ठळक लिहिलेत पण सिलिंडरचा व्यास आणि दाब कुठेच दिलेला नाही, त्या आकड्यावर विसंबू नका, मग ते मशीन आमच्या दुकानातलं का असेना.

गाठीवर पाचर थांबली की दांडे दाबून धरू नका. त्या वेळी सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जातं आणि इंजिनाची सगळी मेहनत उष्णता बनते. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये तेच तेल गिअरबॉक्सलाही असतं. पाचर मागे घ्या, ओंडका फिरवा, आणि मधोमध न फोडता कडेने ढलप्या काढत आत या. गाठ शेवटी एकटी उरते.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ट्रॅक्टर अडकून पडण्याचा. तुम्ही मशीन बघायला आलात तेव्हा मी विचारलं होतं की फोडणी चालू असताना ट्रॅक्टर दुसरीकडे लागणार का. तुम्ही सांगितलंत की आधी सगळी ओढणी उरकते, मग एका जागी बसून फोडणी. शिवाय ओंडके जाड, जागा लांबची आणि वाट खराब. अशा कामाला ट्रॅक्टरवरचाच स्प्लिटर योग्य, हे मी आजही सांगेन. ट्रॅक्टरमागच्या थ्री पॉइंट जोडणीवर उचलला की जिथे ट्रॅक्टर जातो तिथे तो जातो. मागे ओढायला वेगळी चाकं नाहीत. वेगळं इंजिन नाही, म्हणून त्याचं तेल, फिल्टर, प्लग नाही, आणि हंगाम संपल्यावर टाकीत शिळं झालेलं पेट्रोल कार्ब्युरेटर चोक करत नाही. वर्षातले काही आठवडेच चालणाऱ्या यंत्राला हे इंजिन फार छळतं.

पण अभिप्रायात तुम्ही लिहिलंय की आता मुलगा ट्रॉली भरून माल नेतो आणि त्याच वेळी तुम्हाला फोडायचं असतं. हे काम वेगळं आहे. एकच ट्रॅक्टर असेल आणि ओढणी-फोडणी एकाच वेळी चालणार असेल, तर स्वतःच्या इंजिनाचा स्प्लिटरच घ्यावा. त्यात माझं दुसरं मत नाही. रोज थोडंथोडं फोडणाऱ्यांनी आणि जुन्या, कमी तेल देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनीही तोच बघावा. एवढंच ध्यानात ठेवा की तो बंद शेडमध्ये चालवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

मधला रस्ताही आहे. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा पंप आणि वेगळी तेलाची टाकी बसवली की ट्रॅक्टरचं तेल वापरावं लागत नाही. ५४० आरपीएमला योग्य मापाचा पंप निवडला तर ४० लिटर सहज मिळतं, तेही गाठीवर न मंदावता. पीटीओ शाफ्टचं कव्हर मात्र शाबूत हवं. ट्रॅक्टर अडकण्याचा प्रश्न यानेही सुटत नाही, म्हणून मुलगा ओढणी करणारच असेल तर त्यावर खर्च करू नका.

ट्रॅक्टर आणि स्प्लिटर घेऊन दुकानात या. आमच्याकडे फ्लो मीटर आणि प्रेशर गेज आहे. तुमच्या समोर लावून किती तेल आणि किती बार येतात ते बघू. मोजणीचे पैसे नाहीत. आकडे चांगले आले आणि ओढणी आधी उरकणार असेल तर मशीन ठेवा. नाहीतर आम्ही ते परत घेऊन इंजिनवाला देतो; सिलिंडर आणि सील बघून फरकाची रक्कम तिथेच सांगतो. येताना ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमधलं हायड्रॉलिकचं पान आणि तुमच्याकडचा सगळ्यात वाकडा, गाठीचा ओंडका घेऊन या.