"खोट्यातून खरं जन्माला येत नाही" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रो रेसलिंग (निकाल आधी ठरलेली, टीव्हीवर दिसणारी कुस्ती) आणि एमएमए (ठोसे, लाथा आणि पकड सगळं चालणारी खरी लढत) यांच्या नात्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं, म्हणून स्वतंत्र देतो आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या वाचकाचं म्हणणं असं की लेखकाला टीव्हीवरच्या मारामारीचं वेड आहे आणि "चाहत्याने इतिहास लिहायला बसू नये". जपानी रेसलर इनोकी आणि बॉक्सर मुहम्मद अली यांची लढत हा निव्वळ तमाशा होता. एमएमए ज्युजुत्सू खेळणाऱ्या ग्रेसी कुटुंबाने ब्राझीलमधून आणलं, त्याच्याशी रेसलिंगचा काडीचाही संबंध नाही, आणि पहिल्याच यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या एमएमए स्पर्धेत, रॉयस ग्रेसीने रेसलर केन शॅमरॉकला मिनिटभरात गुदमरवून ते सिद्ध केलं. अमॅच्युअर कुस्तीगिरांना लेखात न्याय मिळालेला नाही. आणि शेवटी हे वाक्य: "ठरवून केलेल्या लुटुपुटूच्या कुस्तीतून खरी लढत जन्माला येऊच शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

महाशय, मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्या लेखांची चिरफाड करणाऱ्या प्रतिक्रिया याआधीही आल्या आहेत आणि त्या सगळ्या जागच्या जागी आहेत. पण समोरच्याला शेंबड्या पोराच्याही खाली बसवून बोलायला सुरुवात करायची आणि मग चर्चेची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे आहेत, नाही असं नाही. पण प्रत्येक मुद्द्याच्या पुढे एक टोमणा आणि मागे एक टोमणा आहे. लेख लिहायला मला अनेक रात्री लागल्या. तुम्ही तो किती मिनिटांत वाचलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक, पण तुम्ही आक्षेप घेतलेल्या दोन गोष्टींची उत्तरं त्याच लेखाच्या मधल्या भागात आहेत.

एक गोष्ट मान्य करतो. अमॅच्युअर कुस्तीतून आलेल्यांना मी एका परिच्छेदात गुंडाळलं, ते कमी पडलं. डॅन सेव्हर्न आणि मार्क कोलमन यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, आणि लिहीन.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमची सगळी प्रतिक्रिया त्याच एका गृहीतकावर उभी आहे: निकाल आधी ठरलेला असेल तर कुस्तीही खोटी आणि करणाराही खोटा.

मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत मॅटवर कुस्ती केली आहे. गुडघ्याने साथ सोडली नसती तर अजून केली असती. आमचे प्रशिक्षक आम्हाला स्पर्धेत चालत नाहीत असेही डाव दाखवायचे, कशापासून सांभाळायचं ते कळावं म्हणून. त्यातला एक टाचेचा. समोरच्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत अडकवायचा, त्याची टाच आपल्या कोपराच्या खोबणीत घ्यायची आणि खांद्यासकट वळायचं. पाऊल फार हलतच नाही, सगळा पीळ गुडघ्यात जातो. आणि दुखतं उशिरा. "दुखतंय" म्हणेपर्यंत सांध्याचं बंधन फाटलेलं असू शकतं. प्रशिक्षकांनी तो डाव माझ्यावर असा लावला की बघणाऱ्याला वाटावं पाय गेला, आणि मला मात्र ओरखडाही आला नाही. त्यांना तो हुबेहूब दाखवता आला, कारण नेमक्या कुठल्या बिंदूनंतर सांधा सुटतो हे त्यांना माहीत होतं. ज्याला खरा डाव येत नाही त्याने तो लटका करून बघावा. एक तर तो लटका दिसेल, नाहीतर समोरचा दवाखान्यात जाईल. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या पायावर घेतलेलं आहे. तेव्हा मला टीव्हीसमोरचा चाहता म्हणून निकालात काढू नका.

आणि इतिहासही हेच सांगतो. 1908 साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट दोन तासांहून अधिक वेळ भिडले आणि शेवटी हॅकेनश्मिटने हार मानली. 1910 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को अडीच तासांहून अधिक लढले. झ्बिस्को बराच वेळ मॅटला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि आठवड्याने पुन्हा ठरलेल्या कुस्तीला तो फिरकलाच नाही. या तासन्‌तास चालणाऱ्या कुस्त्या तिकीट काढून आलेल्यांना कंटाळवाण्या वाटू लागल्या. 1920 च्या दशकात अमेरिकेत एड 'स्ट्रँगलर' लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्यावर उपाय काढला: लढती आटोपशीर, हालचाली भडक, निकाल आधी ठरलेले. तुम्ही ज्याला लुटुपुटूची म्हणता ती कुस्ती इथून पुढे पक्की झाली. ती तशी आहे हे मी माझ्या लेखात लपवलेलं नाही.

पण पुढे काय झालं? या तिघांनी वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलपटूला विजेता केलं. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती, पण दिसायला भव्य होता, गर्दी खेचायचा. 15 एप्रिल 1925 रोजी फिलाडेल्फियात त्याच्यासमोर तोच झ्बिस्को उभा केला, वयाने पंचेचाळिशीच्या आसपासचा. त्याने हरायचं असं ठरलं होतं. झ्बिस्को आतून प्रतिस्पर्धी गटाला मिळाला होता. घंटा झाल्यावर त्याने खरी कुस्ती सुरू केली आणि भर रिंगमध्ये मनला पुन्हा पुन्हा पाठीवर पाडलं. मनला काय चाललंय हेच कळेना. पंचाचाही इलाज नव्हता, हजारो लोकांसमोर त्याचे खांदे टेकलेले दिसत होते. विजेतेपद गेलं.

या एका रात्रीचा परिणाम बघा. निकाल ठरवणारे लोकच विजेतेपदाचा पट्टा देताना दहा वेळा विचार करू लागले. समोरच्याने ऐन वेळी दगा दिला तर खरोखर लढून पट्टा राखू शकेल असा माणूस त्यांना हवा झाला. लू थेझ इतकी वर्षं विजेता का राहिला? त्याला कुणी सहज दगा देऊ शकत नव्हतं म्हणून. थेझने ज्याच्याकडून धडे घेतले तो अ‍ॅड सँटेल 1921 मध्ये टोकियोत जाऊन ज्युदोवाल्यांशी लढून आला होता. म्हणजे ज्या धंद्यात निकाल खोटा होता, त्याच धंद्याने खरी विद्या जपून ठेवली. तिथे तिची गरज होती म्हणून. स्पर्धेच्या कुस्तीत सांधे मोडणारे डाव नियमांनी बाद केले होते, मग ते टिकले कुठे? इंग्लंडमधल्या विगन गावात बिली रायलीच्या आखाड्यात, ज्याला 'स्नेक पिट' म्हणत. तिथून कार्ल गॉच आणि बिली रॉबिन्सन बाहेर पडले. दोघांनीही पोट भरलं ते प्रो रेसलिंगवर.

कार्ल गॉच जपानला गेला. तिथले रेसलर त्याला कुस्तीचा देव म्हणत. त्याच्या हाताखाली इनोकी तयार झाला, फुजिवारा तयार झाला, सायामा तयार झाला. सतोरू सायामा म्हणजे पहिला टायगर मास्क, मुखवटा घालून दोरांवरून उड्या मारणारा, लहान मुलांचा लाडका. तुमच्या हिशेबात याच्यापेक्षा लुटुपुटूचा माणूस सापडणार नाही. त्यानेच मुखवटा उतरवला आणि 1980 च्या दशकाच्या मध्यावर शूटो उभं केलं. ठोसे, लाथा, फेक आणि जमिनीवरची पकड एकत्र असलेला, नियम लिहून काढलेला खेळ. 1989 पासून त्याच्या व्यावसायिक लढती सुरू झाल्या, यूएफसीच्या चार वर्षं आधी. मग मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी. हे दोघेही प्रो रेसलरच. ठरवलेल्या निकालांना कंटाळून त्यांनी खऱ्या लढतींचं पॅन्क्रेस काढलं आणि 21 सप्टेंबर 1993 रोजी पहिला कार्यक्रम केला. पाचही लढती मिळून पंधरा मिनिटंसुद्धा चालल्या नाहीत. लोक लांबलचक, नाट्यपूर्ण मुख्य लढत बघायला सरावलेले, आणि इथे माणसं मिनिटा-दोन मिनिटांत हार मानत होती. पहिली यूएफसी झाली 12 नोव्हेंबर 1993 ला. तारखा तुम्हीच लावून बघा.

येऊच शकत नाही म्हणता, तर हे सगळे कुठून आले?

इनोकी आणि अली. 26 जून 1976, टोकियोचं बुदोकान, पंधरा फेऱ्या, बरोबरी. लढत बघायला कंटाळवाणी होती, हे मीही लिहिलं आहे. पण तमाशा म्हणायचं असेल तर अलीच्या डाव्या पायाकडे बघा. इनोकी पाठीवर पडून राहिला आणि पंधरा फेऱ्या त्याच एका पायावर लाथा मारत राहिला, गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. पाय सुजला, रक्ताच्या गाठी झाल्या, अलीला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. ठरवून केलेल्या खेळात जगज्जेत्या बॉक्सरचा पाय असा होत नाही. याच इनोकीने त्याच वर्षी डिसेंबरात कराचीत गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान याचा हात मोडला. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

ग्रेसींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचं श्रेय मी कुठे नाकारलेलंच नाही. यूएफसी त्यांनी उभी केली, बरोबर. शॅमरॉक 57 सेकंदांत हरला, तेही बरोबर. पण कार्लोस ग्रेसीला ज्याने शिकवलं तो मित्सुयो माएदा 1908 मध्ये लंडनच्या कॅच कुस्ती (सांधे पिळणारे डाव असलेली जुनी कुस्ती) स्पर्धेत उतरला होता. आणि हेलिओ ग्रेसीला 1951 मध्ये माराकानात हरवणारा ज्युदोपटू किमुरा पुढे प्रो रेसलिंगच्या रिंगमध्ये उभा राहिला. एवढ्यावर तो विषय मी मिटवतो.

सकुराबा मात्र सोडवत नाही, कारण त्याच्या विजयांना तुम्ही एका शब्दात "नशीब" म्हणून टाकलंत. काझुशी सकुराबा यूडब्ल्यूएफआय या रेसलिंग कंपनीतून आला आणि बिली रॉबिन्सनच्या हाताखाली शिकला. 1 मे 2000 रोजी टोकियो डोममध्ये तो रॉयस ग्रेसीशी लढला. फेऱ्यांना मर्यादा नको, पंचाने लढत थांबवायची नाही, या अटी ग्रेसींच्या होत्या. नव्वद मिनिटांनंतर रॉयसच्या बाजूने टॉवेल आला. त्याच रात्री सकुराबा स्पर्धेच्या पुढच्या फेरीत इगोर वोवचांचिनसमोर उभा राहिला. वोवचांचिन त्याच्यापेक्षा कितीतरी जड. तिथे पंधरा मिनिटं लढून मगच तो थांबला. पुढे ऑगस्टमध्ये रेंझो ग्रेसीचा हात त्याने असा पिळला की कोपर निखळलं, तरी रेंझोने हार मानली नाही. डिसेंबरात रायन ग्रेसीही हरला. रॉयलर त्याआधीच, 1999 मध्ये. एका घरातले चौघे नशिबाने हरत नाहीत. त्या नव्वद मिनिटांची लढत मी पूर्ण पाहिली आहे, एकापेक्षा जास्त वेळा, फेरी फेरी थांबवून. तुम्ही एकदा बघा आणि मग "नशीब" लिहा.

उलट दिशेची देवघेवही लेखात होती. सेव्हर्न 1995 मध्ये एनडब्ल्यूए या रेसलिंग संघटनेचा विजेता असतानाच यूएफसीची स्पर्धा जिंकला. शॅमरॉक 1997 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) गेला आणि घोट्याची पकड घेऊन गेला. ब्रॉक लेस्नर डब्ल्यूडब्ल्यूईतून आला, पहिल्याच यूएफसी लढतीत फ्रँक मीरकडून हरला आणि त्याच वर्षी, 2008 मध्ये, रँडी कुटुरला हरवून हेवीवेट विजेता झाला. नुकसानही झालं, तेही मी लिहिलं आहे: इनोकीच्या हट्टापायी युजी नागातासारखा चांगला रेसलर 2001 च्या शेवटच्या दिवशी खऱ्या लढतीत किकबॉक्सर मिर्को क्रो कॉपसमोर ढकलला गेला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपला. मी एकतर्फी लिहितो हा आरोप करण्याआधी तो परिच्छेद तरी वाचायचा होतात.

तुमचे उरलेले आक्षेप, म्हणजे शीर्षक भडक आहे, फोटो जुने आहेत, जपानी नावांचे उच्चार चुकले आहेत, यांत मी वेळ घालवत नाही. उच्चारांची यादी पाठवलीत तर दुरुस्त करीन.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण सुरुवात 1925 च्या फिलाडेल्फियापासून करा. तिथे ठरलेलं मोडून झ्बिस्कोने जे केलं, ते तुमच्या मते खरं की खोटं, एवढं आधी सांगा. सेव्हर्न आणि कोलमनवरचा लेख लिहायला घेतला आहे. तो तुमच्यामुळे नाही, सेव्हर्नमुळे.