जोरात ढवळलं की गाळ लवकर बसतो? नाही बसत!

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. कधी नुसता मजकूर, कधी सोबत जलशुद्धीकरण केंद्रातल्या संथ फिरणाऱ्या पात्यांचा व्हिडिओ. म्हणणं थोडक्यात असं, की ताक घुसळल्यावर लोणी येतं तसं तुरटीचं पाणी जितकं जोरात ढवळाल तितका गाळ पटकन गोळा होतो, गुठळ्या फुटल्या तरी परत जमतात, पालिकावाले वीज वाचवायला पाती हळू फिरवतात म्हणून आपल्याला गढूळ पाणी येतं, तर घरीच तुरटी टाकून बादलीत ब्लेंडर फिरवा आणि पाणी नितळ दिसलं की बिनधास्त प्या. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

"जोरात म्हणजे लवकर." यातलं अर्धं खरंय आणि म्हणूनच लोक फसतात. मातीचे अगदी बारीक कण पाण्यात एकमेकांना लांब ढकलत राहतात कारण सगळ्यांवर ऋण भार असतो, तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, शिवाय स्वतःचा चिकट साका तयार करतं, आणि हे सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणजे तेवढ्या वेळात तुरटी पाण्यात सगळीकडे पोचायलाच हवी. त्यासाठीच केंद्रात फ्लॅश मिक्सर असतो, तिथे अर्धा ते एक मिनिट पाणी दणकून घुसळतात. ढवळण्याचा जोर आम्ही 'जी व्हॅल्यू'ने मोजतो, कॅम्प आणि स्टाइन या अभियंत्यांनी १९४३ साली मांडलेलं माप आहे हे. फ्लॅश मिक्सरमध्ये ती ३०० च्या वर ठेवतात.

पण कण चिकटायला लागले की गणित बदलतं. जोर वाढवला की टकरा वाढतात हे मान्य, पण गुठळी जितकी मोठी तितकं वाहतं पाणी तिला जास्त ओढतं, आणि ती काही घट्ट नसते, तिच्यात बहुतेक पाणीच असतं. त्यामुळे ठराविक जोरात ठराविक आकाराचीच गुठळी टिकते, जोर वाढवाल तसा तो आकार लहान होतो, आणि लहान गुठळी खाली बसायला कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणून पुढे फ्लॉक्युलेटरमध्ये, म्हणजे हळू ढवळून गुठळ्या वाढवायच्या टाकीत, जी व्हॅल्यू साधारण १० ते ७५ आणि वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. काही ठिकाणी तर टप्प्याटप्प्याने जोर कमी करत नेतात. राहिलं लोणी, तर घुसळल्यावर स्निग्ध कणांवरचं आवरण फुटतं म्हणून चरबी चरबीला चिकटते, इथे चिकटवायचं काम तुरटीने आधीच केलेलं असतं.

"गुठळ्या फुटल्या तरी परत जमतात." हा मुद्दा जार टेस्टमध्ये, म्हणजे तुरटीचा डोस ठरवायच्या चाचणीत, डोळ्यांनी बघता येतो. सहा बीकर, तुरटी टाकून १०० आरपीएमला (मिनिटाला १०० फेरे) एक मिनिट, मग २०-३० वर आणायचं. आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, मग कापसासारखे पुंजके फिरायला लागतात. आता एका बीकरची पाती परत १०० वर न्या, काही सेकंदांत पुंजके गायब आणि पाणी धुरकट. परत हळू केलं तर काही जमतात, पण तुरटीच्या गुठळ्या पहिल्याएवढ्या होत नाहीत, आणि अर्धा तास ठेवल्यावरही वरचं पाणी शेजारच्या बीकरसारखं नितळ होत नाही.

"वीज वाचवायला हळू फिरवतात." पात्यांचा वेग दुप्पट केला तर वीज साधारण आठपट लागते, म्हणजे वीज वाचते हे खोटं नाही. पण वेग दुप्पट केला की जी व्हॅल्यूही जवळजवळ तिप्पट होते, गुठळ्या तुटतात आणि न बसलेला सगळा बारीक गाळ फिल्टरवर जातो. उलट पाती गरजेपेक्षा हळू असली तर गाळ तिथेच तळाला बसतो, तोही दोषच आहे. नळाला गढूळ पाणी येत असेल तर जाब जरूर विचारा, पण तो असा: जार टेस्ट रोज होते का, पाऊस पडल्यावर तुरटीचा डोस बदलला का, फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) वेळेवर होतं का, पाइप कुठे फुटलाय का.

बादलीत ब्लेंडर नको, एक तर विजेचा धोका आणि वर गुठळ्यांचा चुरा. २० लिटरला एक ग्रॅमच्या आत तुरटी नेहमीच्या गढूळपणाला पुरते, ती वाटीभर पाण्यात विरघळवून ओता, एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, आणि तासभर हात न लावता ठेवून वरचं पाणी अलगद काढून घ्या.

"नितळ म्हणजे पिण्यालायक" हे मात्र सरळ धोकादायक आहे. गाळाबरोबर बरेच जंतू खाली बसतात पण सगळे नाही, आणि कावीळ-जुलाब व्हायला उरलेले पुरतात. गाळ काढलेल्या पाण्यात क्लोरीन चांगलं काम करतं, तर त्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट.